मूठभर गाळ

त्या शनिवारी सकाळी मी चुडाव्याच्या स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत सहा पानांचा एक फॉर्म होता. परभणीपासून तिथपर्यंत येईतो तो मी तीनदा वाचला होता. डिसेंबरात आम्ही तिघी मैत्रिणी अंदमानच्या एका बेटावर जाऊन समुद्राच्या तळाशी उतरणार होतो. पाठीला हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. फॉर्ममध्ये विचारलं होतं, तुम्हाला दमा आहे का, कधी कान फुटला होता का, छातीत दुखतं का. मी प्रत्येक ठिकाणी ‘नाही’वर खूण केली होती. वेळ आली तर तुम्ही काय कराल, असं त्यांनी कुठेच विचारलेलं नव्हतं.

मी परभणीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. वय चौतीस, लग्न केलेलं नाही. बबिता नर्स आहे, रेणुका बँकेत. पंधरा वर्षांपूर्वी हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही तिघी राहायचो, आणि तेव्हापासून कुठेतरी लांब जायचं ठरवत होतो. दर वेळी कुणाचं तरी बाळंतपण, कुणाची तरी परीक्षा, कुणाची तरी सासू आडवी यायची. या वेळी विमानाची तिकिटं हातात होती. महिनाभर आम्ही माशांखेरीज दुसरं काही बोललो नव्हतो. बबिताला पोहता येत नव्हतं. “तिथला माणूस हात धरून नेतो म्हणे,” ती म्हणायची, “नवऱ्यानं कधी धरला नाही, निदान तो तरी धरील.”

अण्णा स्टेशनबाहेर मोटारसायकल घेऊन उभे होते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. गावात ते उमाजी आणि माय गोजर. शेत होतं तीन एकर, पण त्यांची ओळख वेगळी होती. आसपासच्या दहाबारा गावांत विहिरीत काही पडलं की बोलावणं आमच्या घरी यायचं. मोटार, पाइप, घागर, शेळी. कधी माणूसही. माणूस काढला की घरची मंडळी अण्णांना टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायची. ती दारातच, घरात कुणी बोलवायचं नाही. त्या दिवशी अण्णा बाहेरच अंघोळ करायचे आणि जेवायचे नाहीत. हॉस्टेलला मी नेलेले पाचही टॉवेल तसे आलेले होते, हे मला तिथे असताना सुचलंच नाही. दोन वर्षांपूर्वी नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांचं बुडी मारणं बंद केलं. डावा कान कायमचा गेला होता, आणि आता वय एकसष्ट.

घरी आलो तर माय बाजाराला पूर्णेला गेली होती. अण्णांनी चहा टाकला. मी फॉर्म उघडून त्यांना मराठीत सांगत बसले.

“पहिला नियम,” मी म्हणाले, “एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही. जोडीदार हवाच. एकानं दुसऱ्यावर नजर ठेवायची.”

“आमच्यात जोडीदार वर ऱ्हातो. दोर धरून.”

“आणि खाली जाताना कान दुखायला लागला की नाक चिमटीत धरायचं आणि हळूच हवा दाबायची. कान मोकळा होतो.”

त्यांनी नाक धरून करून पाहिलं. उजवा कान वाजला असावा, कारण ते चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले.

“असं हाय व्हय? मंग माझा कान फुकटच गेला की.”

त्यावर ते मनापासून हसले. मग माझ्याकडे बघून, जणू चहाला साखर हवी का विचारावं तसं म्हणाले, “चल, बघू तुला काय येतंय. तुझी माय चार वाजेपर्यंत येत न्हाई.”

मला पोहायला अण्णांनीच शिकवलं होतं, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून, आमच्याच विहिरीत. बाराव्या वर्षी मायनं मला त्या विहिरीतून बाहेर काढलं. पोरीची जात, ओल्या कपड्यांनी गावातून येणं शोभत नाही, वगैरे. अण्णा काही बोलले नाहीत. तो राग मी कितीतरी वर्षं सांभाळला होता. सहलीचं ठरल्यावर परभणीच्या तलावावर सकाळी बायकांच्या बॅचला दोन महिने जाऊन हातपाय पुन्हा सरावाचे केले होते, पण विहीर म्हणजे विहीर. आत उतरलं की आभाळाचा तेवढाच गोल तुकडा दिसतो.

आमच्या विहिरीत तेव्हा साडेतीन परस पाणी होतं. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. पहिल्या दोन बुड्यांना मी अर्ध्यातून परतले. अण्णा पायरीवर बसले होते, पाण्यात पाय सोडून.

“घाई करायलीस,” ते म्हणाले. “पानी कुठं पळून जायलंय? श्वास घे, आन मनातल्या मनात आकडे म्हन. भ्यालं की आकडे चुकतेत. चुकले की वर ये.”

तिसऱ्या वेळी मी आकडे म्हणत गेले. वीसच्या आत प्रकाश हिरवा झाला, मग काळा. कान दुखला, मी नाक धरलं, कान सुटला. पस्तीसला हात मऊ, गार काहीतरीत रुतला. मी मूठ भरून घेतली आणि भिंतीचे दगड पायांनी ढकलत वर आले. तळाला जाऊन आल्याची खूण म्हणून गाळ आणायचा, ही विहिरीतली जुनी रीत. मी मूठ उघडली. अण्णांनी तो गाळ दोन बोटांनी चिवडून पाहिला, एखादा सोनार बघेल तसा.

“तळाचाच हाय,” ते म्हणाले. “बास. आता समिंदर काय, कुठंबी जा.” आणि थोड्या वेळानं, “मायला सांगू नको. मला घरात घेनार न्हाई ती.”

माय आली तेव्हा माझे केस वाळलेले होते. जेवताना ती बाजारातल्या भेंडीबद्दल बोलत होती आणि अण्णा माझ्याकडे न बघता हसत होते. एवढाच तो दिवस. आणखी काही घडलं नाही.

रविवारी सकाळी शेजारच्या शेताचे भगवानराव दारात आले. एक पाय आखूड, त्यामुळे ते ओट्याला टेकूनच बोलतात.

“उमाजी, मोटार बसली रे खाली. दोर तुटला. हरभऱ्याला पानी द्यायचंय, आन पोरं सगळी गेली तोडीला. कुनाला म्हनू?”

हे खरं होतं. दिवाळी झाली की आमच्या गावातली तरणी माणसं ऊस तोडायला कारखान्यावर जातात. मागे उरतात ती म्हातारी माणसं, वेचणीच्या बायका आणि कुत्री.

“भाऊजी, त्यांला डाक्टरनं न्हाई म्हनलंय,” माय आतून म्हणाली.

“दोन बुड्यांचं काम, गोजर. मी काय एवढा म्हातारा झालो का? कालच तर...” अण्णा थांबले.

“काल काय?”

“काय न्हाई.”

मी बाजेवर बसले होते. फोनवर बबिता आणि रेणुका. बबिता पोहण्याचे दोन पोशाख अंगाला लावून दाखवत होती, एक निळा, एक जांभळा, आणि रेणुका म्हणत होती की जांभळ्यात ती वांग्यासारखी दिसते. अण्णांनी जाताजाता मला विचारलं, “येतीस का बाई, दोर धरायला?”

“तुमी व्हा पुढं,” मी म्हणाले. “आलेच मी.”

ते ‘आलेच’ चाळीस मिनिटांचं झालं. निळा ठरला.

विहिरीवर पोचले तेव्हा काठावर दोघे होते. भगवानराव आणि सत्तरी ओलांडलेले तात्याराव. मोटारीला बांधायचा जाड दोर दोघांच्या हातांतून खाली पाण्यात गेला होता, सैल.

“तिसऱ्या बुडीला गेलाय,” भगवानराव म्हणाले. “दोर बांधून झाला. म्हनला, गाठ एकदा बघून येतो. आत्ताच गेला, ह्ये काय.”

मी आकडे म्हणायला सुरुवात केली. का, ते सांगता येत नाही. पाणी स्थिर होतं, त्यावर कडुनिंबाची पिवळी पानं. साठ झाले. अण्णांचा दम मला ठाऊक होता, पूर्वी शंभरच्या पुढे जायचे. नव्वद झाले. शंभरला भगवानरावांनी दोर ओढून पाहिला. दोराला खाली जड काहीतरी लागत होतं, पण ती मोटार होती. “उमाजी!” त्यांनी पाण्याकडे तोंड करून हाक मारली. एकशे वीस. तात्याराव रडायला लागले. एकशे तीसला भगवानरावांनी, आखूड पायाच्या त्या माणसानं, धोतर वर खोचून उडी टाकली. त्यांना नुसतं तरंगता येत होतं. त्यांनी डोकं खाली घातलं आणि खोकत वर आले. पुन्हा घातलं, पुन्हा वर आले.

“लय खोल हाय गं,” ते मला म्हणाले. “लय खोल हाय.”

त्या विहिरीत चार परस पाणी होतं. आमच्यापेक्षा अर्धा परस जास्त.

एकशे पन्नासच्या सुमारास शेजारच्या कापसातून बायका पळत आल्या. पुढे मालनबाई, मायची मैत्रीण. तिनं विहिरीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओरडली, “धरा गं पोरीला! उडी टाकंल ती!” तिनं माझं मनगट पकडलं. दुसरीनं कंबर. तिसरीनं पदरानं माझे डोळे झाकले. वेचणीच्या झोळ्या अजून त्यांच्या कमरेला होत्या, कापसानं फुगलेल्या, आणि त्या मऊ ओझ्यांमध्ये मी चेपून उभी होते. आकडे चुकत नव्हते. मी दोनशे चाळीसपर्यंत मोजलं. फॉर्मसोबत आलेल्या माहितीत लिहिलं होतं की मेंदू हवेशिवाय किती मिनिटं राहतो. ते मी गाडीत तीनदा वाचलं होतं.

पूर्णेहून नदीवरचे दोन भोई जीपनं यायला दीड तास लागला. दोघे एकाच बुडीत खाली गेले आणि दुसऱ्या बुडीत अण्णांना घेऊन आले. त्यांच्यातला मोठा माझ्याजवळ येऊन बसला. माझं समाधान करावं म्हणूनच तो बोलला असणार. “जुन्या दोराचा वेढा पडला व्हता पायात,” तो म्हणाला. “फार न्हाई. एका हिसक्यात निघाला.”

भगवानरावांनी त्यांना टॉवेल-टोपी दिली. नारळ दिला. दोघे बाहेरच उभे राहिले.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. पण तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परतली तोवर गावात एक गोष्ट तयार झालेली होती, आणि ती माझी होती. उमाजीची पोरगी बापामागं उडी टाकायला निघाली होती, पाच बायांना आवरंना. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी मायच्या गळ्यात पडायची आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. “पोटची पोर असावी तर अशी,” म्हणायची. मायला त्या दिवसांत दुसरा कुठला आधार नव्हता. ती ही गोष्ट ऐकायची आणि थोडी ताठ बसायची. तेराव्यापर्यंत ती स्वतःच सांगू लागली. पाचाच्या सात बायका झाल्या.

मी काहीच म्हणाले नाही. खोटं एक अक्षरही बोलले नाही. नुसती मान खाली घालून बसले, आणि मान खाली घातलेली पोरगी लोकांना फार आवडते.

बबिता आणि रेणुका आल्या. बबितानं मला दवाखान्यात धरतात तसं धरलं, काखेत हात घालून. “मला सगळं कळलंय,” ती रडत म्हणाली. “तू असलं काही करायचं नाहीस पुन्हा. आम्हाला तू हवी आहेस.” त्यांनी माझ्यासाठी सहल फेब्रुवारीत ढकलली. “तुझ्याशिवाय समुद्रात पाय घालणार नाही,” रेणुका म्हणाली. समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नव्हता, त्यामुळे हा त्याग मोठा होता की लहान, ते कळायला मार्ग नाही.

मी पुस्तकांत वाढलेली बाई आहे. दुःखावरची पुस्तकं आमच्याकडे कुठल्या कपाटात आहेत, हे मला अंधारातही सांगता येईल. कामावर परतल्यावर मी त्यातली बरीच पुन्हा उघडली. मला त्यांचा राग आला. त्यांतली माणसं काहीतरी करून बसलेली असतात. कुणी उशिरा धावतं, कुणी नको ते बोलतं, कुणी चुकीचं औषध देतं. काठावर उभं राहून बिनचूक आकडे मोजणारं मला त्यांत कुणी सापडलं नाही.

आणि एक गोष्ट त्याहून वाईट. जानेवारीत एका दुपारी, ग्रंथालयात कुणी नसताना, मी संगणकावर त्या बेटाची चित्रं बघत बसले होते. पोवळी, काळेपांढरे पट्ट्यांचे मासे, पाण्यातून तिरपा उतरणारा उजेड. अर्धा तास गेला. मग लक्षात आलं की मी दिवस मोजते आहे. मला तिथं जायचं होतं. अण्णांना जाऊन दोन महिने झाले नव्हते आणि मला समुद्राची ओढ लागली होती, पूर्वीइतकीच. शोकानं माणूस मोडून पडतं असं मी वाचलं होतं. मी मोडले नव्हते. मला भूकही लागत होती.

निघायच्या आदल्या रविवारी मी गावी गेले, मायला सांगायला की मी जात नाही. कारण तयार होतं, वर्षाच्या आत मौजमजा बरी दिसत नाही. हे कारण गावात कुणालाही पटलं असतं. उलट माझ्या गोष्टीत ते आणखी शोभून दिसलं असतं.

मायनं ते ऐकूनच घेतलं नाही. तिनं माझी बॅग काढून ठेवली होती. ज्वारीच्या पिठाचे लाडू केले होते, चिवडा केला होता, आणि कुणाकडून तरी नवा टॉवेल आणवला होता, दुकानातून विकत घेतलेला. मालनबाई चुलीजवळ बसून डबे भरत होती.

“जायचं,” माय म्हणाली. “लोकांचं मी बघते. तुझ्या अण्णांनी चुडाव्यापस्तोर समद्यांना सांगून ठेवलं व्हतं, माझी पोरगी समिंदराच्या तळाला जानार म्हनून. हाटेलवाल्याला सांगितलं, जीपवाल्याला सांगितलं. आन तू न्हाई म्हनायलीस?”

“मला नको वाटतंय, माय.”

“भ्या वाटायलं का पान्याचं? वाटनारच. पर जिनं बापासाठी जिवाची पर्वा केली न्हाई...”

“मला इचारा की,” मालनबाई म्हणाली. तिनं डबा खाली ठेवून बाही वर केली. “हितं धरली व्हती मी हिला. काय ताकद पोरीत! मला वडतच चालली व्हती काठाकडं. अजून खांदा दुखतोय माझा.”

ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवत होतं. तिला खांदा खरंच दुखत असेल.

माय माझ्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर काही नव्हतं, आणि त्या मोकळ्या कपाळाखालच्या डोळ्यांत एवढीच एक चमक उरली होती, माझी. गप्प राहिले असते तर ती आयुष्यभर पुरली असती. ती मेल्यावर मी तिच्यामागे तीच गोष्ट सांगितली असती. कदाचित एखाद्या दिवशी मलाही तसंच आठवलं असतं.

“मावशी,” मी म्हणाले, “मी तुम्हाला ओढलं नाही.”

“तुला काय ध्यान व्हतं त्या टायमाला!”

“होतं. सगळं ध्यान होतं.” मी मायकडे वळले. आवाज माझा नेहमीसारखाच निघाला, काउंटरवर पुस्तकाची तारीख सांगावी तसा. “माय, आदल्या दिवशी तू बाजारात होतीस तेव्हा मी आपल्या विहिरीत उतरले होते. अण्णांनी उतरवलं. मी तळाला हात लावून आले. हे फक्त त्यांना माहीत होतं. रविवारी भगवानकाकाच्या विहिरीवर मी सगळ्या बायकांच्या आधी होते. मावशी यायच्या आधी मी तिथं कितीतरी वेळ उभी होते. मला खाली जाता येत होतं, आणि मी गेले नाही. मावशीनं हात धरला तेव्हा मला बरं वाटलं. मला कुणी अडवलं नाही, माय. मी चप्पलसुद्धा काढली नव्हती.”